राबाचा काळा, लॉनचा हिरवा

उपग्रहाला वरून सगळं दिसतं म्हणतात. दिसतं, पण कळत नाही. कळायला माणूस लागतो, आणि तो बहुतेकदा एसीत बसलेला असतो.

हर्षदाही एसीतच बसली होती, म्हणून तिला स्वतःचाही राग आला. वीस वर्षांच्या उपग्रहचित्रांवरून तिच्या संस्थेने नकाशा केला होता: लोणावळ्याभोवतीचं रान कुठं वाढलं, कुठं गेलं. तिच्या स्वतःच्या वाडीचा, कुरवंड्याजवळच्या ठाकरवाडीचा, उतार लालभडक. म्हणजे रान जाळणारे. आणि वलवणपलीकडे डोंगर कापून बसवलेले बंगले हिरवेगार. कारण काय, तर चित्रं सगळी एप्रिलची. एप्रिलात वाडीचा राब भाजलेला असतो. पालापाचोळा पसरून जमीन भाजायची आणि तिथं भाताचं रोप करायचं, ही मावळातली रीत. त्याच महिन्यात बंगल्यांच्या लॉनला टँकरचं पाणी. संगणकाला काळं ते मेलेलं, हिरवं ते जिवंत. गवत काय नि झाड काय.

गुरुवारी हा नकाशा वडगावला तालुक्याच्या वन समितीपुढे जायचा होता. लाल उताराला कुंपण पडणार. मग वाडीनं रोप काय डोक्यावर करायचं?

तिने संस्थेच्या उमेश सरांना गाठलं. सर वाईट नव्हते, भित्रे होते.

"चूक आहे, मान्य. पण वाडी तुझी. तू रंग बदललास की लोक म्हणणार, पोरीने घरच्यांना वाचवलं."

बंगलेवाल्याच्या भाच्याने नकाशा केला असता तर कुणी आडनाव विचारलं असतं का?

तिने रंगाला हातच लावला नाही. ढगांचे महिने सोडून दोन्ही उतारांची बाकी सगळ्या महिन्यांची चित्रं वर्षावर्षाने लावली आणि गावांची नावं काढून टाकली. गुरुवारी समितीला म्हणाली, कुठलं रान गेलंय ते तुम्हीच सांगा.

पहिल्या उतारावर एप्रिलात काळे तुकडे, दिवाळीला भाताचं पिवळं, भोवतीची झाडी जागच्या जागी. दुसऱ्यावर एके साली दाट रान, पुढच्या साली तांबडी माती, नंतर कायमचा सपाट हिरवा.

"दुसरं," वनखात्यातून निवृत्त झालेले एक सदस्य म्हणाले. "ते आता परत येत नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग तिने नावं दाखवली. कुणीतरी चहा मागवला. लाल रंग वलवणपलीकडे गेला.

पण त्याच सदस्यांनी पहिल्या उताराच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथं काळ्याची एक जीभ दरसाल वर सरकलेली, आणि तिच्या मागं झाडी परतलेली नव्हती. उमेश सर खाली बघायला लागले.

"तेवढं लालच राहील," हर्षदा म्हणाली.

ती घरी पोचायच्या आत बातमी वाडीत पोचली होती. ती जीभ गेणूकाकाच्या राबाची.

"शिकवली कशापायी तुला?" काका म्हणाला. "आमचंच नाव लाल कराया?"

हिरी आत्या चुलीपुढून बोलली, "आग वर चढती, ह्ये मी किती साल सांगती तुला. आता आभाळानंबी सांगितलं."

"काका, तुमचं लाल ठेवलं म्हणून बाकीच्या वाडीवर आता कुणी शंका घेणार नाही," हर्षदा म्हणाली. "औंदा भाजायच्या आधी वरच्या अंगाचा पाचोळा लोटून पट्टा काढायचा, म्हंजे आग तिथंच थांबंल. मी येते संगं."

"आन् न्हाई काढला तर?"

"तर फुडच्या नकाशातबी लाल. रंग मीच देणार."

काकाने तिला एक शिवी हासडली आणि कोयता कुटं ठेवलाय म्हणून आत्याला विचारलं.