एल्क फोर्कची घंटा आणि साठावं माणूस

मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज आता बसलाय. लोलकाची चामडी पट्टी वाळून कडक झाली आहे, त्यामुळे हळूच बोलते. मी एल्क फोर्कच्या शाळेची हातघंटा. पितळेची, लाकडी मुठीची. सध्या मुक्काम खेळाच्या कपाटात, व्हॉलीबॉलच्या जाळ्यामागे. इथे सदा अंधार, आणि अंधारात झोप गाढ लागते. झोपेत मला बर्फ दिसतो. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या घंटेला दुसरं काय दिसणार म्हणा!

जन्माचं फारसं आठवत नाही. मी पातळ होते, लालभडक होते, आणि कोणीतरी म्हणालं, "ओत आता." पुढचं सगळं हातांचं आहे. त्यातला एक हात मात्र मी विसरणार नाही. आर्डिस हॉवलंड बाईंचा. एकतीस वर्षं त्यांनी मला वाजवलं. त्या हाताला खडूचा वास यायचा. माझ्या आवाजासरशी मुलं मक्याच्या शेताच्या कडेने धावत यायची. त्यांतली निम्मी पुढे गावातच राहिली, म्हातारी झाली, पण बाईंना 'बाई'च म्हणत राहिली.

मग विजेची घंटा आली आणि मी कपाटात गेले. तरी चार वर्षांतून एकदा, ऐन जानेवारीत, बाई मला पुसून बाहेर काढत. त्या संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत गावाचा कॉकस भरायचा. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभं करायचं, त्याची सुरुवात आमच्याकडे व्हायची. इथे मत चिठ्ठीवर लिहीत नसत. मत म्हणजे आपण स्वतः. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत! शंभरातले पंधरा ज्या कोपऱ्यात नाहीत, तो कोपरा मोडायचा. उरलेल्या कोपऱ्यांना माणसांच्या हिशेबाने आमच्या गावाचे चार प्रतिनिधी वाटून मिळायचे. ते चौघे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मेळाव्याला जायचे, तिथून निवडलेले राज्याच्या, आणि तिथून देशाच्या. मी एकदा वाजले की कोपरे धरायचे, दुसऱ्यांदा वाजले की जागचं हलायचं नाही.

बाई सभेच्या अध्यक्ष. त्या कोपऱ्यात उभ्या राहत नसत आणि हजेरीच्या यादीत सहीसुद्धा करत नसत. "पंचाने खेळायचं नसतं," म्हणायच्या.

मी सांगते आहे त्या वर्षी बर्फ खिडकीच्या कठड्याला टेकला होता. आत कॉफीचा वास, ओल्या कोटांचा वास, आणि डॉर्लीन प्रुइटने केलेल्या ओट-चॉकलेटच्या वड्यांचा. डॉर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. गावातलं प्रसूतिगृह बंद पडलं, आणि तिची नात पन्नास मैलांवरच्या दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच जन्मली. ते तिने मर्विन नावाच्या उमेदवाराला गावच्या कॅफेत सांगितलं. मर्विनने खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. तेवढ्या एका लिहून घेण्यावर डॉर्लीन तीन महिने दारोदार फिरली होती. मर्विनला एक प्रतिनिधी मिळाला, तर ती स्वतः मेळाव्यात उभी राहून प्रसूतिगृहाबद्दल बोलणार होती.

मी वाजले. कोपरे भरले. बाकीच्या दोन उमेदवारांपैकी होलब्रुककडे तेहतीस, ड्ररीकडे अठरा, आणि मर्विनकडे आठ. यादीवर साठ सह्या, म्हणजे कोपरा टिकवायला नऊ जण हवेत. एक माणूस कमी! बाईंनी माणसं जमवायला अर्धा तास दिला. डॉर्लीन वड्यांचं ताट घेऊन फिरू लागली.

"वडी खाईन मी, पण कोपरा सोडणार नाही हं!" होलब्रुकच्या कोपऱ्यातला रॅस्मस ट्वेट म्हणाला.

"मग ठेव ती वडी परत," डॉर्लीन म्हणाली. सगळे हसले, पण हललं कोणी नाही.

अर्धा तास संपत आला. बाईंनी पुन्हा मोजलं. एकोणसाठच. सह्या तर साठ!

"कोणीतरी बाहेर गेलंय," बाई म्हणाल्या. झाली शोधाशोध सुरू. स्वच्छतागृह पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, बाहेर बर्फात उभ्या गाड्यांमध्येही डोकावून आले. साठावं माणूस काही सापडेना. शेवटी बाईंचे यजमान मर्लिन यादी घेऊन बसले, आणि पहिल्याच नावाला त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आर्डिस, ही तर तुझीच सही!"

"अरे देवा!" बाईंनी कपाळावर हात मारला. "पेन चालतंय का बघायला केली होती रे मी ती!"

सगळी व्यायामशाळा खदखदून हसली. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं, की मर्विनला हवं असलेलं नववं माणूस आता बाईच होऊ शकतात.

"नाव खोडून टाका बाई," रॅस्मस म्हणाला. "काही बिघडत नाही. एकोणसाठ झाले तरी नऊच लागतात."

"नाहीतर इकडे ये," होलब्रुकच्या कोपऱ्यातून मर्लिन म्हणाले. "चाळीस वर्षं एका टेबलावर जेवतोय आपण. आज एका कोपऱ्यात उभी राहा."

डॉर्लीन भिंतीवरचा मर्विनचा फलक काढायला लागली होती.

मी बाईंच्या हातात होते. आता मी वाजले की मर्विनचा कोपरा मोडणार होता. मला वाजायचं नव्हतं, मित्रांनो. अगदी मनापासून वाजायचं नव्हतं.

"खोडणार नाही," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं तुम्हाला ओरडत आले, वहीत खोडाखोड करायची नाही म्हणून." त्यांनी मला टेबलावर ठेवलं. सभा चालू असताना पहिल्यांदाच. आणि त्या चालू लागल्या, होलब्रुकचा कोपरा ओलांडून, ड्ररीचाही ओलांडून. त्यांचे बूट गुळगुळीत फरशीवर करकरत होते.

"माझा मुलगा इथल्या प्रसूतिगृहात जन्मला," त्या डॉर्लीनला म्हणाल्या. "मी घरून चालत गेले होते. पाच मिनिटं लागली. लाव तो फलक परत."

"आर्डिस!" मर्लिन ओरडले. "जेवायला घरी येणार आहेस ना?"

"स्वयंपाक तू केलास तर येईन. आणि आधी ती घंटा वाजव, वेळ झाली."

मर्लिननी मला उचललं. त्यांना वाजवता येत नव्हतं, मूठ चुकीची धरली होती. तरी मी अशी खणखणले की कॉफीचे कप थरथरले. होलब्रुकला दोन प्रतिनिधी, ड्ररीला एक, मर्विनला एक. डॉर्लीन एप्रनमध्ये तोंड लपवून रडली.

मर्विनने महिन्याभरातच माघार घेतली. तरी डॉर्लीन काउंटीला गेली आणि बोलली. ठराव झाला. प्रसूतिगृह अजून उघडलेलं नाही, पण आता आठवड्यातून दोन दिवस सुईण येते. गावातलं अलीकडचं बाळ गावातच जन्मलं, असं कपाटाबाहेर कोणी बोलताना ऐकलं मी.

आता म्हणे लोक पसंतीची कार्डं पोस्टाने पाठवतात. कोपरे भरत नाहीत आणि मलाही कोणी पुसत नाही. बाई तर केव्हाच गेल्या. कोणाच्या हातून हे कपाट उघडलं, तर माझी पट्टी तेवढी बदला. तेल लावू नका, नवं चामडं लावा.

आणि कधी माणसं मोजायची वेळ आली, तर बाईंसारखी मोजा. त्या संध्याकाळनंतर त्यांनी जेव्हा जेव्हा मोजणी केली, तेव्हा पहिलं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "एक."