आधी स्वेटर काढा

मी बाळांच्या दवाखान्यातला वजनकाटा बोलतोय. आवाज कुरकुरता आला तर इलाज नाही. स्प्रिंग जुनी झालीये आणि जन्म रडणाऱ्यांना मांडीवर घेण्यात गेलाय.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, काम सोपं आहे. बाळ ठेवायचं, आकडा दाखवायचा. माणसं आकड्याशीही भांडतात, हे तिथे कोणी सांगितलं नव्हतं. वजन वाढलं तर आजीच्या हातचा गुण, कमी भरलं तर काटा खोटा! बाळं येतात तीही जामानिम्यासकट : टोपी, मोजे, दुपटं, हातात खुळखुळा. एकदा तर दुपट्यातून भरलेली दुधाची बाटली निघाली. “बाटली छान बाळसं धरतेय,” सिस्टर म्हणाल्या. बाळाला घेऊन आलेल्या आजोबांना विनोद कळला नाही.

गेल्या थंडीत एक आजी दोन सुना आणि दोन नातवंडं घेऊन आल्या. मुलं जवळजवळ एकाच वयाची. थोरलीचा मुलगा गुटगुटीत. धाकटीची मुलगी किरकोळ, त्यात सर्दीनं बेजार. दोन घोट दूध ओढलं की दमून तोंड फिरवायची. एकाच घरात दोन बाळं म्हणजे वेगळ्या काट्याची गरज नसते. उठल्यापासून तोलणं सुरूच.

मुलाला ठेवलं. काटा क्षणात स्थिर. आजींनी आकडा सगळ्या बाकांना ऐकू जाईल असा वाचला. मग मुलगी.

“स्वेटर काढा,” सिस्टर म्हणाल्या.

“अगं बाई, सर्दी झालीये तिला! आणि स्वेटरचं असं कितीसं वजन?”

वजनाचा प्रश्न नव्हताच. हाडं निघालेली नात चारचौघींना दिसायला नको होती.

तशीच ठेवली, आणि माझा काटा थरथरायला लागला. मुलगी रडत नव्हती, हातपाय झाडत नव्हती. नुसती पडून होती. तरी काटा थांबेना.

“बिघडलाय मेला,” आजी म्हणाल्या आणि मला एक चापट दिली. सिस्टरनी खालचा स्क्रू पिळला. थोरलीनं सुचवलं, “थोडा हलवून बघा ना.” अहो, आत्ता तुमच्या मुलाला तोललं तेव्हा मी शहाणा होतो ना? तेवढ्यात वेड लागलं?

धाकटी खाली वाकली. “आई, काटा बिघडला नाहीये. ही हलवतेय त्याला.”

“गप पडलेली पोर काय हलवणार?”

धाकटीनं स्वेटरची बटणं काढली, आतलं झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. सिस्टरनी मुलीला उचललं आणि रांग मोडून थेट आत नेलं. कधी नव्हे ते कोणी कुरकुरलं नाही.

“ऑक्सिजन लावा. मोठ्या हॉस्पिटलला फोन करा,” आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “दूध कधीपासून पीत नाहीये?”

“कालपासून,” आजी म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, नखरे करतेय.”

मुलगी बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होती. मला बातमी कोण देणार? दारातून प्रत्येक स्वेटर आत आला की मी बघायचो.

अखेर एका सकाळी धाकटी तिला घेऊन आली. बरोबर आजी. धाकटीनं न सांगता कपडे काढून मुलीला ठेवलं. वजन कार्डावरच्या मागच्या नोंदीपेक्षा कमी भरलं.

“उतरलं गं! हा काटाच मुळी...” आजींचा हात माझ्यावर उगारला गेला.

धाकटीनं तो वरच्यावर धरला आणि मुलीच्या छातीवर ठेवला. “वजन भरेल हळूहळू. आधी हे बघा.”

छाती सावकाश वर येत होती, सावकाश खाली जात होती. आजींनी हात काढला नाही.

मागे रांग खोळंबली होती, पण मला घाई नव्हती. तुम्ही याल तेव्हा मात्र स्वेटर मुकाट्यानं काढा आणि माझ्याआधी लेकराकडे बघा. चापटा खायचं माझं वय राहिलं नाही.