शेवटचे चार मीटर

पडद्याच्या कोपऱ्यात मशीनचा भार दाखवणाऱ्या सोळा चौकोनांपैकी एकच चौकोन हिरव्या रंगाने काठोकाठ भरलेला, आणि उरलेल्या पंधरांच्या तळाशी जेमतेम एक रेघ, तीही झोपेत कूस बदलावी तशी अधूनमधून हलणारी... रस्ता खणताना एक जण घाम गाळतो आणि बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे असतात, अगदी तसं. तिने पेन उचलून टेबलावर आडवं ठेवलं. चित्र अडकलं की हात काढून घ्यायचा, हा तिचा जुना नियम. अडकलेल्या पडद्यावर टकटक केली की मशीन ती सगळी निमूट लक्षात ठेवतं आणि जागं झालं की एका दमात करून टाकतं. समोरच्या टेबलावरच्या चष्मेवालीने मागच्या महिन्यात असाच धीर सोडला, तर चित्रातल्या नदीत एकाच जागी अकरा मासे, एकावर एक, तंतोतंत सारखे पडले. ते काढताना दर माशामागे पुन्हा चाळीस सेकंद थांबावं लागलं, आणि दुपारभर कुणी तिच्याशी धड बोललं नाही.

चाळीस सेकंद... घड्याळात बघावं लागत नाही, ते आता अंगातच मुरलेत. पाण्याचा एक घोट, खिडकीबाहेर एक नजर, मान डावीकडे, मान उजवीकडे, की चित्र हलतं. नवीन मशीन यायच्या आधी पन्नास लागायचे. म्हणजे एवढा गाजावाजा करून मिळाले ते दहा सेकंद. आणि गाजावाजा कुणी केला? मीच केला. सोळा कोअर म्हणजे सोळा डोकी, भावजी, एक नदी ओढायला सोळा डोकी पुरेत ना, असं मीच भर ऑफिसात म्हणाले होते आणि सगळे हसले होते. भावजी म्हणजे तिचा दीर. गिऱ्हाइकं तो सांभाळतो, चित्रं ती. त्याने एका शब्दाने वाद न घालता मशीन आणवलं, कारण चित्राच्या बाबतीत वहिनीचा शब्द शेवटचा, हे या चार टेबलांच्या खोलीत वर्षानुवर्षं ठरलेलं. काल मशीनवाला येऊन बघून गेला. म्हणाला, ताई, मशीनमध्ये खोट नाही, तुमचं चित्र काढायचं सॉफ्टवेअरच जुन्या चालीचं आहे, ते एका वेळी एकाच कोअरला कामाला लावतं, बाकीच्यांना हाकच मारत नाही. तुम्ही सोळा काय, साठ आणा. भावजी शेजारी उभा होता. तो फक्त “हं” म्हणाला. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर परवडलं असतं.

पण चूक माझी नाहीच. नाचता येईना अंगण वाकडे, असं कुणी मनात म्हणत असेल तर खुशाल म्हणो. अंगण खरंच वाकडं आहे, मशीनवाल्याने मोजून दाखवलंय. तिला हे पटलेलं होतं. तिला बहुतेक गोष्टी पटकन आणि पक्क्या पटत, आणि त्यावर हे ऑफिस इतकी वर्षं चाललं होतं.

चित्र हललं. लव्हाळ्याचं एक पातं दोन मिलिमीटर डावीकडे सरकलं. एवढ्यासाठी.

अठ्ठावीस मीटरची नदी. लहान मुलांच्या हॉस्पिटलमधल्या एका लांब भिंतीवर ती लागणार होती... एका टोकाला वॉर्ड, दुसऱ्या टोकाला ऑपरेशनचं दार. मुलांना ढकलगाडीवर आडवं करून याच भिंतीजवळून नेतात, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंना भिंतीवर काहीतरी चालतं-वाहतं हवं होतं. आज चार वाजेपर्यंत फाईल छापखान्यात पोचली नाही, तर छपाईची पाळी हुकणार आणि सोमवारी भिंत तशीच कोरी राहणार. वॉर्डापासून चोवीस मीटर नदी तयार होती. दगड, मासे, कासव, पुलाखालची सावली, सगळं, वरून बारीक हात फिरवणं तेवढं बाकी. उरले होते दाराजवळचे चार मीटर. या मशीनवर ते पुरे होतील कसे, हे गेले तीन आठवडे ती सगळ्यांना विचारत होती.

घरी नवराही रोज संध्याकाळी हेच विचारायचा, “नदी कुठवर आली?” आणि ती सांगायची, मशीन फार हळू आहे. तो मान हलवायचा. काचबिंदूने त्याची नजर कडेने खात आणली होती. आधी तो पेन्सिलने काढायचा, कागदावर, मोठ्या हाताने, आणि ती त्याचा कागद खाली घेऊन वरून गिरवायची, भरायची, रंगवायची. वीस वर्षं असंच. लोक म्हणायचे, दोघांचा हात एकच आहे. या नदीचेही कागद त्यानेच काढून दिले होते, नजर पुरली तोवर... तिने तो विचार तिथेच सोडला आणि पाणी प्यायली.

साडेअकराला भावजी आला, खुर्ची ओढून बसला. चौथ्यांदा तेच म्हणाला, फाईलचे चार तुकडे करू या, चौघांनी एकेक घेऊ, भार वाटला की चारही मशीनं पळतील. तिचं उत्तरही तेच. चार हात लागले की काठाची रेघ सांध्यावर केसभर सरकते, आणि एवढ्या मोठ्या भिंतीवर केसाचा दोर होतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. नेहमी तो इथे उठून जायचा. आज बसून राहिला.

“वहिनी, सांधे मी स्वतः तपासतो. पण आज हात वाटा. चार वाजता मला छापखान्याला ‘नाही’ सांगता येणार नाही.”

तो आवाज चढवून बोलला असता तर तिनेही चढवला असता, आणि त्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण तो विनवत होता. करा मग, ती म्हणाली. चष्मेवाली लगेच कामाला लागली. पहिला तुकडा तिने स्वतःकडे घेतला, दुसरा पाट्या आणि अक्षरं बघणाऱ्या अक्षरकाकांना दिला, तिसरा ताईंना, म्हणजे तिला, ठेवला. चौथा उरला, दाराजवळच्या चार मीटरचा, तो कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर टाकला, जे आता फक्त चिठ्ठ्या छापायला वापरत.

आणि चौथा तुकडा तिथे, त्या धापा टाकणाऱ्या मशीनवर, पापणी लवायच्या आत उघडला.

“हा तर रिकामाच आहे,” अक्षरकाका म्हणाले. सहजच म्हणाले, त्यात काही नव्हतं. चष्मेवालीने पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. भावजीने खिशातला फोन उगाच काढला आणि परत ठेवला. पांढराशुभ्र, चार मीटर, एक ठिपका नाही... ज्याला वजनच नव्हतं ते कुठल्या मशीनला जड झालं होतं? ते कुठेही काढता आलं असतं. कधीही. तीन आठवड्यांपूर्वी, याच कोपऱ्यात, या चिठ्ठ्यांच्या मशीनवर. खोलीत चौघे होते आणि चौघांनाही हे एकदमच कळलं, आणि तिला लाज वाटली, तरुणपणी वाटायची तशी, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

“तिसरा तुम्ही घ्या, भावजी,” ती म्हणाली. “हा मी बघते.”

आवाज ठीक आला. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. मागे तिन्ही टेबलांवर कामाची खुडबुड सुरू झाली, पातं हलायला आता डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ लागत होता, चष्मेवाली तर चक्क गुणगुणत होती. मग इतके दिवस मी कशाला धरून बसले होते? सांध्यांना? खरं सांगायचं तर त्या चाळीस सेकंदांना. त्यात कुणी मला काही विचारत नसे. त्यात मी कामात असे आणि काम माझ्या हातात नसे... असं सुख दुसरीकडे कुठे मिळतं?

एक वाजता नवऱ्याचा फोन आला. जेवलीस का, मग नेहमीचं, नदी कुठवर आली. मशीनचं नाव ओठांवर आलं होतं.

“पुढे कागद नाहीत,” ती म्हणाली. “शेवटच्या चार मीटरचे. तू काढलेच नव्हतेस.”

तिकडून भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

“ठाऊक आहे. मोजून मीच दिले होते ना.” मग म्हणाला, “तू सांगायची वाट बघत होतो.”

म्हणजे रोज संध्याकाळी... ती मशीनला नावं ठेवत होती आणि तो मान हलवत होता. तिला त्याचा राग आला, खरा, सणसणीत राग, आणि त्याच्या पाठोपाठ तो किती एकटा बसला असेल हे ऐकत, असंही मनात आलं. तिने विचारलं, तिथे तू काय काढलं असतंस? त्याने सांगितलं नाही. आता तूच मला ‘नको सांगूस’ म्हण, असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, नको सांगूस. फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं की हे तिने मनापासून म्हटलं होतं.

चार वाजायला तीन तास. तिने पेन टेकवलं, ओढलं, आणि रेघ हातासोबत आली, मध्ये क्षणाचंही अंतर न ठेवता. चोविसाव्या मीटरवरून आलेला काठ हातभर पुढे गेला आणि थांबला, कारण ती थांबली होती. वाट बघायला आता काहीच नव्हतं. इथून पुढे नदी वळते की रुंदावते, दारापाशी पोचते की अलीकडेच कुठे मुरते, हे या खोलीतल्या कुणालाही विचारण्यासारखं नव्हतं.

भिंत उभ्या माणसाला दिसते तशी तिने आजवर पाहिली होती. तिने हळूच डोकं खाली केलं, गाल टेबलावर टेकवला आणि आडवी होऊन पडद्याकडे बघू लागली, ढकलगाडीवरचं मूल बघेल तशी. टेबल गार लागलं. मागे गुणगुण थांबली. कुणीतरी तिच्याकडे बघत असणार, बघू दे. आडव्या नजरेला ते चार मीटर फार लांब दिसत होते, आणि फार पांढरे, आणि त्यांच्या शेवटी दार होतं. तिला भीती वाटली. उठावंसं मात्र वाटलं नाही. ती तशीच, डोळे उघडे ठेवून, त्या दाराच्या दिशेने बघत राहिली.