बोटीत बसलेलं गाव

मी आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. आमच्या घरात तो सगळ्यांनाच येतो, पण बाकीचे गिळतात आन् मी बोलून मोकळी होते. त्या शनिवारी मात्र बोलून भागलं न्हाई. हातातला फॉर्मांचा गठ्ठा मी तलावाच्या पायरीवर आपटला.

"त्रेचाळीस घरं हिंडले, धम्मपालदादा! त्रेचाळीस! आन् एकालाबी तुझ्या बोटींचा रुपयाचा फायदा न्हाई म्हणे!"

धम्मपालदादा बोटीतलं पाणी डब्यानं उपसत होता. त्याच्या दोन बोटी हायेत. एक पायानं चालवायची बदकाची, एक मोटरवाली. तीन वर्षं झाली, भोकरदन, जालना, कुठून कुठून लोक रविवारी आमच्या तलावावर येतात, चक्कर मारतात, फोटो काढतात, खाऊन-पिऊन घरी जातात. आता त्याचा परवाना संपत आल्ता. परवाना देणाऱ्या तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, सोमवारी ग्रामसभेला येतो, बोटींमुळं गावाला काय मिळतं ते दाखवा. दाखवलं तर पुढचा परवाना. न्हाई तर एक तारखेपासून बोटी काठावर ओढायच्या.

ते दाखवायचं काम माझ्यावर आल्तं. मी, राजनंदिनी कल्याण पडोळ, जालन्याला एम.ए. अर्थशास्त्र करते. आमचे सोमेश्वर सर म्हणाले, "अगं, प्रबंधाला याच्यापेक्षा चांगला विषय कुठं मिळणार तुला? स्वतःच्याच गावची बोट!" मी तर हवेतच. बसमध्येच प्रश्न लिहून काढले, भोकरदनला उतरून झेरॉक्स मारले, आन् गावात शिरल्या शिरल्या पहिलं दार वाजवलं.

तिथंच माती खाल्ली. फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न.

अहो, उत्पन्न सांगितलं की रेशनचं कार्ड गेलं, ही आमच्या गावाची पक्की समजूत. कागद-पेन घेऊन कुणी दारात आलं की अख्खी गल्ली एका मिनिटात गरीब होते. मी ह्याच गावची लेक, मला हे कळू नये? पण शिकलं की माणूस जरा येडं होतं, तसं झालं माझं.

तुळजामावशीचा तलावावर भज्यांचा गाडा हाय. ती म्हणे, "कुठलं काय बाई, तेलाचा खर्चबी निघत न्हाई." तिच्यामागं नवाकोरा फ्रीज उभा, वरून चादर टाकलेली. म्हटलं, मावशे, हे काय? म्हणे, कपाट हाय. कपाट घुर्रघुर्र करून राह्यलं होतं.

पाव्हण्यांच्या गाड्या आदिनाथकाकाच्या पडीक रानात लागतात. काका म्हणे, "फुकटच लावतात लोक. आपण कुणाला काय म्हणावं?" मंग हळूच माझ्याजवळ सरकून, "त्या तुळजाबाईला विचार की. बंगला बांधती ती." सगळ्यांचं असंच. स्वतःला शून्य आन् शेजाऱ्याला लाखानं! आमच्या घरचा फॉर्म तर मी कुणाला न विचारताच भरला. फायदा, काही नाही. आम्ही शेतीवाली माणसं, आमचा बोटीशी काय संबंध?

"बिलकुल शून्य आलंय, दादा," मी म्हटलं. "हेच घेऊन सोमवारी उभी राहू का मी?"

दादानं डबा खाली ठेवला. "नंदे, तू कधी बोटीत बसलीस का?"

"न्हाई."

"गावातलं कोण बसलंय?"

खरंच की! तीन वर्षांत कुणीच न्हाई. बोट म्हणजे पाव्हण्यांची, आपण काठावरून बघायचं, असं कुणी न सांगताच ठरून गेल्तं.

"उद्या दुपारी पाव्हणे जेवायला झाडाखाली बसतात," दादा म्हणाला, "तवा बोट रिकामी असती. आण एकेकाला. तिथं मधी भिंतीबी न्हाईत आन् भिंतीला कानबी न्हाईत."

मी उडीच मारली. पायरीवरचे फॉर्म तसेच राहिले, दादानंच गोळा केले.

रविवारी पहिली तुळजामावशी. लुगड्यावर केशरी जाकीट चढवलं, बक्कल लागेना, पोट आत घे म्हटलं तर मलाच शिव्या. बोट अजून दोरीलाच बांधलेली आन् ही ओरडली, "माय माय माय, बुडाले गं!" काठावरचे पाव्हणे हसून हसून बेजार. मोटर सुरू झाली तशी तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. पण अर्ध्या पाण्यात गेलो, वारा लागला, आन् मावशी हसायला लागली. आधी बारीक, मंग खदाखदा. "नंदे, आपलं गाव बघ गं! किती छान दिसतंय मेलं!"

दादानं मोटर बंद केली. मावशीनं चारी बाजूंनी बघून घेतलं.

"काठावर ऐकू जातं का?"

"न्हाई."

"लिहिणार न्हाईस ना?"

"नाव लिहिणार न्हाई. आईशप्पथ!"

आन् मंग काय सांगू! रविवारचं पंधरा किलो बेसन. दोन पोरी कामाला. फ्रीज त्याच पैशाचा, सुनेचं बाळंतपण त्याच पैशात. बोलता बोलता मावशीचं जाकीट फुगलं होतं, का मावशीच फुगली होती, कळत नव्हतं. "पण गाड्यावरच्या भाकरीचं माझं न्हाई हां," ती म्हणाली, आन् लगेच जीभ चावली.

"मंग कुणाचं?"

"चल, परत घे बोट. गाडा उघडा टाकून आले मी."

त्यानंतर नुसती रीघ लागली. आदिनाथकाका बसला, रसवाला बसला, कणसं भाजणारी सत्यशीलाताई बसली. काठावर जे शून्य होते, ते मधी पाण्यात गेले की सावकार! एकानं तर दुसऱ्या चक्करसाठी आकडा वाढवून सांगितला, तो मी धरला न्हाई. प्रत्येक चक्कर झाली की मी पायरीवर पळत यायची आन् नाव सोडून सगळं वहीत उतरवायची. एवढा पैसा ह्या एवढ्याशा पाण्यावरून गावात येतो आन् कुणाच्या तोंडातून चकार शब्द न्हाई!

शेवटची चक्कर राह्यली, तवा माझी माय आली. मला वाटलं घरी बोलवायला आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मागं वळून बघितलं, आन् गुपचूप बोटीत येऊन बसली.

मधी गेल्यावर ती पाण्याकडं बघत म्हणाली, "भाकरी माझ्या हायेत."

मला कळेचना. मंग तिनं सांगितलं. पडोळांच्या घरातल्या बाईनं गाडा लावायचा न्हाई, लोकांना विकून खाऊ घालायचं न्हाई, ही आमच्या घराची रीत. म्हणून दर रविवारी सकाळी बचत गटाची मीटिंग सांगून ती तुळजामावशीच्या मागच्या खोलीत बसते. ऐंशी भाकरी थापते. विकते मावशी.

"तुझी फी मामा न्हाई भरत गं, नंदे. त्याला मीच सांगितलंय, तुझंच नाव घे म्हणून."

फी भरतो म्हणून मी दोन दिवाळ्या मामाच्या पाया पडले होते आन् मामा पाय मागं घ्यायचा. मला रडू आलं, राग आला, आन् इतका आनंद झाला की बोटीत उभंच राहावं वाटलं. दादा ओरडला, "बस खाली, बुडवतीस का सगळ्यांना!"

"तुझ्या अप्पांना कळू द्यायचं न्हाई," माय म्हणाली. "शपथ घे." मी घेतली.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. मी उभी राहिले आन् सगळं धडाधडा वाचलं. किती घरं, किती हातांना काम, किती माल भोकरदनच्या बाजारातून येतो. लोक असे ऐकत होते जसं दुसऱ्याच गावाचं चाललंय.

साहेब भले माणूस. त्यांनी वही हातात घेऊन नीट चाळली. "काम छान केलंय तुम्ही. पण नाव नाही, सही नाही. असा कागद वर पाठवला तर मलाच विचारतील. एक तरी नाव द्या."

मी तुळजामावशीकडं बघितलं. ती वर छताच्या पत्र्याकडं बघत होती. आदिनाथकाकाला एकदम खोकला आला. धम्मपालदादा मान खाली घालून बसलेला. तीन वर्षं ह्यानं उन्हातान्हात बोट ओढली आन् ह्यांच्या तोंडाला कुलूप! माझं डोकं असं सणकलं! पण शब्द दिलेला. दुसऱ्या कुणाचं नाव मी घेऊ शकत नव्हते.

"माझं लिहा," मी म्हटलं. "राजनंदिनी कल्याण पडोळ."

"तुमचा काय व्यवसाय आहे तलावावर?"

"व्यवसाय न्हाई. माझी एम.ए.ची फी बोटींच्या पाव्हण्यांवर भरली गेली."

"कुणी भरली?"

"ते सांगणार न्हाई."

पुढच्या ओळीत बसलेले अप्पा वळले. "फी तर मामानं भरली ना गं?"

शपथ आठवून मी वहीत डोकं घातलं. मागून बायकांतून आवाज आला.

"मामानं न्हाई. मी भरली." माय उभी होती. पदर डोक्यावर, पण मान वर. "लिहा साहेब, वंदना कल्याण पडोळ. भाकरी. रविवारी ऐंशी."

अप्पा तिच्याकडं वळले. आता हे काय बोलतात, सगळ्या गावासमोर?

"ऐंशी?" अप्पा म्हणाले. "एकटी थापतीस?"

"मंग कोण थापणार?"

"आन् तुळजाबाईचं बेसन पंधरा किलो!" मावशी तडकन उठली. "तेबी लिहा, बराबर पंधरा!" आदिनाथकाकाचा खोकला थांबला. "गाड्या माझ्याच रानात लागतात हो!" मंग जो तो उठायला लागला. साहेब म्हणाले, "एकेक, एकेक! अहो, एवढं झालं तर परवान्याला काय अडचण आहे!" धम्मपालदादा हसत होता आन् गमछ्यानं डोळे पुसत होता.

अप्पा तेवढे बसूनच होते. हळूच मायला म्हणाले, "ज्वारी तरी घरची ना?"

"न्हाई. इकत घेते. घरच्या दाण्याला मी हात लावला न्हाई."

साहेबांनी कागद पुढं सरकवला, पहिली सही मायची. वाऱ्यानं कागद उडून राह्यला होता, तिला धरता येईना. अप्पा उठले, टेबलापाशी गेले आन् कागदाच्या दोन्ही कोपऱ्यांवर हात ठेवून उभे राहिले.

"कर सही," ते म्हणाले. "पूर्ण नाव लिही."