चाळीसला बंद पडणारी

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळा रस्ता ऐंशीमास्तर म्हणायचा. मास्तरकी त्यांनी जन्मात केली नव्हती, पण गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी शिकवणी आणि मग दुरुस्ती, असा त्यांचा खाक्या होता. बॅटरी वीसच्या खाली जाऊ द्यायची नाही, ऐंशीच्या वर न्यायची नाही. फोन उन्हात नको, उशीखाली नको. कुणी म्हणालं, "मी तर रात्रभर लावून ठेवतो," की मास्तरांचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा व्हायचा. जेवायला वाढताना बायको विचारायची, "झाले का ऐंशी, की अजून वाढू?" मास्तर हसायचे नाहीत. या विषयावरची थट्टा त्यांना सोसायची नाही.

ताई त्यांच्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या नाइलाजाने. ताई म्हणजे समोरच्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाई. त्यांच्या फोनची पाठ फुगून वर आली होती. झाकण एका बाजूने उघडलं होतं आणि त्यांनी ते रबराने बांधलं होतं.

"सुपरवायझरने कामावर आणायला बंदी केलीय," त्या म्हणाल्या. "म्हणे पेट घेईल. तुम्ही नुसतं झाकण बसवून द्या."

"झाकण?" मास्तर ओरडलेच. "अहो ताई, हा बॉम्ब आहे! चार्जिंगला कुठे लावता?"

"इस्त्रीच्या मशीनशेजारी. दिवसभर. घरी गेलं की घरी."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. दिवसभर शंभरावर आणि वरून मशीनची आग. बॅटरीचा एवढा छळ त्यांनी वीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी ताईंना मनसोक्त झापलं आणि ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"मुलाचा फोन यायचाय," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणून लावून ठेवते. वायर काढली की चाळीसवर असतानाच बंद पडतो मेला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी मुलगा भांडून घर सोडून गेला होता. "जा, तोंड दाखवू नकोस," असं ताईच बोलून बसल्या होत्या. त्याचा नंबर बदलला होता, ताईंचा मात्र त्याला पाठ होता. पहिल्या दोन महिन्यांत त्याने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा जेमतेम मिनिटभर. पुढे फोन असा मधेच बंद पडायला लागला आणि त्याचाही फोन येईनासा झाला.

"मी चादरी घेऊन वॉर्डात जाते ना, किंवा घरी चालत असते, नेमका तेव्हाच बंद पडतो," ताई म्हणाल्या. "आणि तो तेव्हाच करत असणार. पहिल्यापासून त्याची वेळ अशीच उलटी."

असं म्हणताना त्या चक्क हसल्या.

मास्तरांचा जीव कळवळला. माणूस तोंडाने फटकळ, पण आतून विरघळायला वेळ लागत नसे. ते म्हणाले, "बॅटरी नवी घालतो. फोन बंद असताना कुणी केला तर नंतर मेसेज येतो, ती सोयही तुमच्या लाइनवर चालू करून देतो. आता त्याचा एकही फोन चुकणार नाही."

"राहू द्या हो. चालतोय तसा चालू दे," ताई घाईने म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं, भिडस्तपणा. त्यांनी काही एक ऐकलं नाही. अर्ध्या तासात फुगलेली बॅटरी निघाली, नवी बसली. सवयीप्रमाणे त्यांनी तिच्यावर पेनाने तारीख घातली आणि ताईंना वीस-ऐंशीचा धडा दोनदा म्हणायला लावला.

अशी शिष्या त्यांना आजवर मिळाली नव्हती. ताई मशीनपासून लांब, खिडकीपाशी फोन लावायच्या आणि ऐंशी झाले की काढायच्या. संध्याकाळी दुकानावरून जाताना फोन उंच धरून दाखवायच्या, "बाहत्तर, मास्तर!" मास्तर आतून म्हणायचे, "शाब्बास!" नंतर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ताईंचंच उदाहरण द्यायला लागले.

पहिल्या महिन्यात त्यांनी विचारलं, "आला का फोन?" ताई नाही म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात मास्तरांनी विचारलं नाही. तिसऱ्या महिन्यात ताई फोन वर धरीनाशा झाल्या. बाहत्तर की साठ हे मास्तरांना कळेना, आणि हाक मारून विचारायचं धाडसही होईना.

मग एका दुपारी त्या आल्या आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला. तो मेला होता. मास्तरांनी यंत्राला लावून पाहिलं. बॅटरी तळाला गेलेली, आणि तशीच पाच-सहा दिवस पडून राहिलेली दिसत होती.

"ताई, तुम्हीसुद्धा? शून्यावर नेलीत? अशाने मरते ती!"

"मुद्दाम नेली. पण काही उपयोग नाही. चालू केला की तुमचा तो मेसेज सांगतो, कुणीही फोन केला नव्हता म्हणून."

"मेसेज असं काही सांगत नाही हो."

"येतच नाही, म्हणजे तेच सांगतो ना?"

मास्तरांनी यंत्राची वायर काढली.

"माझी जुनी बॅटरी परत घाला," ताई म्हणाल्या.

"ती पेटली असती ताई. मी केव्हाच टाकून दिली."

"मग दुसरी कुठली तरी वाईट घाला. चाळीसला बंद पडणारी. आणि तो मेसेज काढून टाका." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तीन वर्षं मी बरी होते, मास्तर. फोन खराब आहे म्हणत होते. आता फोन चांगला आहे. मग खराब काय आहे, सांगा ना!"

आपण काय करून बसलो हे मास्तरांना लख्ख कळलं. एवढी वर्षं बॅटऱ्यांना जपलं, पण या बाईच्या जिवाची धुगधुगी कशावर टिकून होती ते काही त्यांना दिसलं नाही.

ते उठले. टाकाऊ बॅटऱ्यांचा डबा काढून त्यांनी एक न फुगलेली पण पार थकलेली शोधली. ती बसवली, जरा चार्ज केली, मेसेजची सोय बंद केली. मग दोघंही आकड्याकडे बघत बसले. पंचेचाळीस. त्रेचाळीस. एकेचाळीसवर पडदा काळा झाला.

"झालं," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच बंद पडलेला फोन बघून त्यांना बरं वाटलं होतं.

ताईंनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ त्या काळ्या काचेकडे बघितलं. मुलगा आत्ता फोन करत असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटायची मास्तर वाट बघत होते. काही उमटलं नाही.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "हे तीन महिने चांगला चालला ना, ते काही मनातून जात नाही." त्यांनी फोन परत टेबलावर ठेवला. "द्या तीच नवी घालून. उगाच तुम्हाला त्रास दिला."

मास्तरांनी बॅटरी बदलली. पेनाने घातलेली तारीख त्यांच्याकडे बघत होती.

"किती टिकेल म्हणालात ही?" ताईंनी विचारलं.

"दोन वर्षं," मास्तर म्हणाले, आणि एवढ्या वर्षांची सवय, तोंडून निघूनच गेलं, "नीट चार्ज केलीत तर तीन."

"अजून तीन," ताई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.