खूर अडकला तेव्हा

बोलतेय ती मी, तबेल्यातली गवताची जाळी, म्हणजे घोड्यासाठी गवत भरून टांगतात ती. आज मला तोडून टाकताहेत, म्हणून झालं ते सांगून घेते. वाईट वाटतंय का, विचाराल तर खरंच सांगता येणार नाही.

कारखान्यात यंत्रावर मी विणली गेले. दोरी जाड, भोकं जेमतेम दोन बोटं जातील एवढी, म्हणजे घोड्याला गवत थोडं थोडंच ओढता येतं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला आणलं ते भोपळ्यासाठी. भोपळ्या म्हणजे त्यांचं करडं तट्टू. दिवसभराचं गवत तो तासाभरात फस्त करायचा आणि मग भिंत चाटत उभा राहायचा.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वजन असंच वाढलं तर खूर दुखून हा उभाही राहणार नाही. पण उपाशी ठेवू नका. सावकाश खाऊ दे."

मला बांधायचं काम बाईंच्या धाकट्या भावाकडे. घोड्यांची देखभाल करणारा तबेल्याचा मोतद्दार तोच. ताईने त्याला बजावलं, "याच्या पायाला नाल आहेत, जाळीत अडकतील. भरलेली जाळी वर दिसते, रिकामी झाली की लोंबते. लोंबली तरी छातीच्या खाली येता कामा नये."

"कळलं गं ताई. आता पाठ झालं."

दोन वर्षं त्याने चोख बांधलं. गाठ अशी, की टोक ओढलं की सुटावी. रोज सकाळी बोटं फिरवून तुटकी दोरी शोधायचा. वर भोपळ्याशी गप्पा, "बेताने खा रे. पोट तुझंही सुटलंय आणि माझंही. माझी बायको मला ऐकवते, तुला कोण ऐकवणार?"

मग तीन दिवसांच्या तापात त्याची बायको गेली.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. हात काम करत होते, पण डोळे कुठेच नव्हते. गप्पा बंद. त्या दिवशी त्याने मला बादली टांगायच्या, भिंतीतल्या कडीला अडकवलं. ती कडी भोपळ्याच्या गुडघ्यापाशी. माझ्या ते लक्षात आलं, पण जाळीला हाक मारता येत नाही.

दुपारी गवत संपत आलं. भोपळ्याने पुढचा पाय आपटायला सुरुवात केली. नालाचं टोक माझ्या भोकात शिरलं. त्याने पाय ओढला, मी आवळले. तो कोसळला, धडपडला. मी तुटले नाही. मला तसंच मजबूत बनवलंय.

मोतद्दार बाहेरच उलट्या बादलीवर बसला होता. आवाज त्याला ऐकू आला असणार. तो किती वेळाने उठला, ते मला ठाऊक नाही. ताई ओरडत धावत आली, "चाकू! अरे, चाकू दे!" तेव्हा कुठे तो हलला. गुडघ्यांवर बसून भोपळ्याचं डोकं दाबून धरलं. ताईने माझी दोरी कापून त्याचा पाय सोडवला.

पायाची शीर फाटली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा चालू शकेल, पण याच्यावर आता कुणी बसायचं नाही.

"मला शिव्या दे ना, ताई," तो म्हणाला.

"कुणाला देऊ? कामावर आलास तेव्हा तू आलाच नव्हतास. मला दिसत होतं, तरी मी जाळी तपासली नाही."

या गोष्टीला महिना झाला. भोपळ्याचे नाल काढलेत. त्याच्यासाठी नवी जाळी आलीय, ती छातीच्या वर बांधतात आणि रिकामी झाल्यावर कुठवर लोंबते ते ताई रोज ओढून बघते. तुम्हीही बघत जा, एवढंच मागणं.

आज ताई म्हणाली, "हिला गाठी मारून दुसऱ्या घोड्याला वापरू या?"

"नको," तो म्हणाला. "गाठीशेजारी भोक मोठं राहतं, त्यात पुन्हा खूर जाईल. आणि अशीच टाकली तर कुणीतरी उचलून नेईल. मी तुकडे करतो."

बायको गेल्यापासून एवढं सलग तो पहिल्यांदाच बोलला.

आता तो मला कापतोय. अर्ध्यावर आलाय आणि थांबलाय. मला दोन्ही मुठींत धरून रडतोय, अगदी आवाज काढून. ताई दारात उभी आहे, अडवत नाही. मी ओली होतेय, एवढंच मला कळतंय.