चढणीचं पाणी

आमच्या टेकडीवर चावीवाल्याशी कुणी धड बोलत नसे. पाणी सोडायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघाला, की बायका कळशा आपटायच्या. जुन्या राजवटीत खालच्या बंगल्यांच्या बागा दिवसभर भिजत, आणि टेकडीचं पाणी घटकाभरात तोडायचा हुकूम होता. तोडणारा हात आमच्यातलाच. टेकडीवरच्या पोरांना चौथीपुढे शाळा बंद. त्या हाताला दुसरं काम देणार कोण?

राजवट गेली. नव्या सरकारनं टेकडीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती काढली. सुइणीचा मुलगा गेला, डॉक्टर होऊन आला. आता दवाखाना आमच्याच चढणीवर आहे. पाठोपाठ चावीवाल्याची लेक गेली, पाण्याचं शास्त्र शिकून आली. तिनं अर्ध्या चढणीवर पंप बसवला, माथ्याच्या गल्लीपर्यंत नळ नेला. तिथं आजवर पाणी चढलं ते फक्त बायकांच्या कमरेवर.

आज त्या नळाला पाणी सोडायचं होतं. गल्लीत सगळी टेकडी गोळा झाली. पहिला नळ धुणंवाल्या मावशीच्या दारात. तिच्या धाकटीलाही यंदा शिष्यवृत्ती मिळाली होती, पण मावशी तिला सोडत नव्हती.

"काय गं इंजिनीअरीणबाई," मावशी म्हणाली, "पाण्याला पाय फोडलेस म्हणे?"

"फोडलेत. चालतंय का ते बघ आता."

"चाललं तर माझी पोर उद्याच्या गाडीनं धाडते. नाही चाललं तर ती आपली माझ्यासंगं धुण्याला. बोल!"

धाकटी नळाजवळ सरकली. लेक हसली आणि बापाकडे वळली.

"बाबा, तुम्हीच सोडा."

चावीवाल्यानं नळाशेजारच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात चावी घातली, फिरवली. नळ आधी खोकला, मग तांबडं ओकला, आणि मग काचेसारखी धार कळशीत उतरली. माणसं ओरडली. कळशी अर्धी भरली, तोच धार बारीक झाली. दोरा झाली.

"दमलं गं तुझं पाणी!" मावशी म्हणाली. धाकटीचा चेहरा पडला.

लेकीनं नळाकडे पाहिलंच नाही. तिनं बापाकडे पाहिलं. तो वाकून चावी उलटी फिरवत होता.

"बाबा! कुणाचा हुकूम?"

तो दचकला. "कुणाचा नाही गं… हात आपले आपणच वळले."

लेकीनं त्याच्या हातांवर आपले हात ठेवले. दोघांनी मिळून चावी फिरवली, पार शेवटपर्यंत. धार धाडकन आली, कळशी भरून वाहू लागली. मग तिनं चावी उपसून भिंतीला टेकवली.

मावशी कळशी घेऊन चावीवाल्यासमोर आली. "हात पुढे कर."

त्यानं भीतभीत केले. तिनं कळशीतलं पाणी त्या हातांवर ओतलं. सावकाश, सगळं.

"भरायला आता काय तोटा आहे?" असं म्हणत तिनं कळशी पुन्हा नळाखाली ठेवली आणि गळा मोकळा सोडला:

*लेक गेली शिकायला, टेकडी झाली उणी गं,*
*लेक आली शिकून, माथ्यावर आलं पाणी गं.*

"आणि आपली धाकटी काय शिकणार?" चावीवाल्यानं ओल्या हातांनी डोळे पुसत विचारलं.

"रस्ते बांधायला," धाकटी म्हणाली.

"मग ट्रंक काढ की खाली!" मावशी ओरडली. "उद्या ती डोक्यावरून उतरवायचीय. येताना मात्र गाडी दारात आण."